आधी श्वास मोजा, मग खाण खोदा

गडचिरोलीच्या खेड्यांत १९८०च्या दशकाच्या अखेरीस एक साधे उपकरण हातोहात फिरले. एका मिनिटात रिती होणारी वाळूची घटिका आणि शेजारी सरकवायचे मणी. ‘सर्च’ या संस्थेचे डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी ते अक्षरओळख नसलेल्या सुईणींसाठी तयार केले होते. बाळ आजारी पडले की सुईण त्याच्या छातीवर नजर ठेवून मणी सरकवी आणि वाळू संपेपर्यंत तिला कळे, हा साधा खोकला आहे की न्यूमोनिया. या मोजणीवर आणि वेळेवर पोचलेल्या औषधावर उभ्या राहिलेल्या प्रयोगाचे निष्कर्ष १९९० साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले. १९९९ मध्ये त्याच नियतकालिकात नवजात बाळांच्या घरच्या घरी घेतलेल्या काळजीचा अभ्यास आला. ३९ गावांत नवजात मृत्युदर हजारी ६२ वरून २५.५ वर उतरला होता. आज देशभर आशाताई बाळंतिणीच्या घरी जाऊन बाळ तपासतात, त्या पद्धतीचे मूळ याच जंगलात आहे.

दुर्गम भागात घरोघरची आरोग्याची नोंद ठेवता येत नाही, रस्ते नाहीत, माणसे शिकलेली नाहीत, हे कारण म्हणूनच गडचिरोलीत चालत नाही. हे काम इथे झाले आहे, इथल्या बायांनी केले आहे आणि जगाने ते इथून उचलले आहे. मग याच जिल्ह्यात डोंगर फोडण्याची परवानगी देताना त्या डोंगराखालच्या माणसांच्या आरोग्याची मोजणी का होऊ नये? आज चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या प्रत्येक माणसाने हा प्रश्न जोरात विचारायला हवा.

एटापल्ली तालुक्यातल्या सुरजागडपासून सुरुवात करू. ३४८ हेक्टरचा लोहखनिजाचा पट्टा २००७ मध्ये मंजूर झाला आणि उत्खनन २०१६ मध्ये सुरू झाले. त्याच वर्षीच्या डिसेंबरात नक्षलवाद्यांनी तिथली ऐंशीच्या आसपास वाहने जाळली, काम थांबले आणि २०२१ पासून पुन्हा जोरात सुरू झाले. वर्षाला ३० लाख टनांची मर्यादा १ कोटी टनांवर गेली. २०२५ मध्ये ती २ कोटी ६० लाख टनांवर नेण्यास पर्यावरण मंजुरी मिळाली. खनिज शुद्धीकरणाच्या प्रकल्पासाठी ९३७ हेक्टर वनजमीन आणि सव्वा लाखाच्या आसपास झाडे देण्याचा निर्णय त्याच सुमारास झाला. चामोर्शी तालुक्यातल्या कोनसरीला पोलादाचे कारखाने उभे राहत आहेत. थोडक्यात, ज्या जिल्ह्याच्या दोन तृतीयांशाहून जास्त भूभागावर जंगल आहे, तो काही वर्षांत देशाच्या पोलादनकाशावर मोठ्या अक्षरांत येणार आहे.

इथल्या शुद्धीकरणात कमी प्रतीचे खनिजही वापरायचे आहे. त्यात लोहाच्या थरांबरोबर गारगोटीचे थर असतात. गारगोटी म्हणजे सिलिका. ती दळली की उडणारी बारीक धूळ फुप्फुसाच्या तळापर्यंत जाते आणि तिथेच राहते. तिच्यामुळे होणारा सिलिकोसिस बरा होत नाही, काम सोडल्यावरही तो वाढत राहतो आणि ज्याला तो झाला त्याला क्षयरोग होण्याचा धोका कितीतरी वाढतो. आता ही धूळ कुणाच्या छातीत जाणार ते पाहा. इथला माडिया गोंड समाज केंद्र सरकारच्या अतिअसुरक्षित आदिवासी समूहांच्या यादीत आहे. सिकलसेलचे रुग्ण आणि वाहक या पट्ट्यात मोठ्या संख्येने आहेत. महाराष्ट्रात सर्वाधिक मलेरिया होणाऱ्या जिल्ह्यांत गडचिरोली आहे. कुपोषण आहे. बाया चुलीच्या धुरात स्वयंपाक करतात. पुरुष तंबाखू-सुपारीचा खर्रा खातात, अनेक ठिकाणी बायाही खातात.

हे शेवटचे मुद्दाम लिहिले. उद्या एखाद्या गावात खोकणारे वाढले, तर दोष चुलीवर आणि खर्‍र्‍यावर टाकणे सगळ्यांत सोपे जाईल. खाण येण्यापूर्वी त्या गावात किती जण खोकत होते, हे कुणी लिहून ठेवलेले नसेल तर या आरोपाला उत्तर देता येत नाही. आधीची नोंद नसली की नंतरचा प्रत्येक आजार बेवारस होतो.

आरोग्याचा धोका एकट्या धुळीचाही नाही. खदानीचे खड्डे पावसाने भरतात, त्यात डास वाढतात. बाहेरून हजारो मजूर येतात, ते मलेरियाच्या प्रदेशात नवे असतात आणि परजीवी घेऊन फिरतात. खनिज वाहणाऱ्या ट्रकांनी आलापल्ली–आष्टी रस्त्याची काय दशा केली ते सगळ्या जिल्ह्याने पाहिले आहे. त्या रस्त्याने बाळंतपणासाठी निघालेली बाई अहेरीला किती वेळात पोचते, हाही आरोग्याचाच आकडा आहे. मोहफुलांवर, तेंदूपत्त्यावर, धानाच्या बांधीत धूळ आणि लाल गाळ बसला की घरात येणारा पैसा आटतो आणि ताटातले अन्नही आटते. तिकडे दक्षिणेला मेडीगड्डा बंधाऱ्याच्या पाण्याने सिरोंचा तालुक्यातली शेते बुडाली. बंधारा तेलंगणाचा आणि साचलेले पाणी आपल्या गावांत. या सगळ्याचा एकत्र हिशेब करण्याला आरोग्य आघात मूल्यांकन म्हणतात. प्रकल्प येण्यापूर्वी इथली माणसे कशी आहेत, प्रकल्पामुळे त्यांच्या शरीरावर काय काय होऊ शकते, त्यातले काय टाळता येते आणि जे टळत नाही त्याची जबाबदारी कुणावर, हे त्यात लिहायचे असते. आपल्याकडे पर्यावरणीय आघात मूल्यांकन बंधनकारक आहे, आरोग्याचे असे स्वतंत्र मूल्यांकन नाही.

ही मोजणी न केल्याने काय होते हे पाहायला गडचिरोलीकरांना दूर जायला नको. २६ ऑगस्ट १९८२ पर्यंत चंद्रपूर आणि गडचिरोली हा एकच जिल्हा होता. गडचिरोली वेगळी झाली आणि पुढच्याच वर्षी चंद्रपूरच्या महाऔष्णिक वीजकेंद्राचा पहिला संच सुरू झाला. आज त्याची क्षमता २,९२० मेगावॉट आहे आणि राज्यातल्या सर्वांत मोठ्या वीजकेंद्रांत त्याची गणना होते. भोवती दुर्गापूर, पद्मापूर, लालपेठ, भटाळी, सास्ती, घुग्घुस अशा वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या (वेकोलि) कोळसा खाणी. बल्लारपूरला कागदाचा कारखाना, आवारपूर, गडचांदूर, उपरवाहीला सिमेंट, घुग्घुसला सिमेंट आणि स्पंज आयर्न दोन्ही. आपल्या कोळशात राखेचे प्रमाण तिसऱ्या हिश्शाच्या आसपास असते, त्यामुळे कोळसा जळत राहतो तशी राखड साचत जाते. मुंबईचे दिवे लागतात ती वीज इथून जाते, राखड मात्र इथेच राहते. चाळीस वर्षांत एक अख्खी पिढी या हवेत जन्मली, शाळेत गेली, तिला मुले झाली. त्या पिढीच्या फुप्फुसांची सलग, घरोघरची नोंद चंद्रपूरजवळ नाही.

२००९ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने दिल्लीच्या आयआयटीबरोबर देशातल्या औद्योगिक क्षेत्रांचा प्रदूषण निर्देशांक काढला. चंद्रपूरला ८३.८८ गुण मिळाले. अंकलेश्वर, वापी आणि गाझियाबाद यांच्यापाठोपाठ देशात चौथा क्रमांक. जानेवारी २०१० मध्ये नव्या उद्योगांना मंजुरी देणे थांबवले गेले, पुढे कृती आराखडे झाले आणि बंदी उठली. २०१६ मध्ये निर्देशांकाची पद्धत सुधारली आणि त्यात माणसाच्या आरोग्याची जागा नव्याने ठरली. ती जागा कशी आहे ते नीट समजून घ्या. परिसरातल्या तीन ते पाच मोठ्या रुग्णालयांतली रुग्णसंख्या घ्यायची, लागोपाठच्या दोन वर्षांची तुलना करायची आणि किती टक्के वाढ झाली त्यावर गुण द्यायचे. गेल्या वर्षी दहा हजार दम्याचे रुग्ण आले आणि यंदाही दहा हजार आले, तर वाढ शून्य, म्हणून गुणही शून्य. जिथे आजार चाळीस वर्षे मुरलेला आहे, तिथे ही पद्धत आजार नाही असेच दाखवणार. शिवाय जो मोठ्या रुग्णालयापर्यंत पोचतच नाही, जो गावातल्या डॉक्टरकडून सुई टोचून घेऊन कामावर परत जातो, तो या गणितात कुठेच नाही. माझ्या मते ही तांत्रिक उणीव म्हणून सोडून देण्याची गोष्ट नाही. चंद्रपूरच्या माणसावर हा अन्याय आहे आणि तो दुरुस्त करून घेण्यासाठी चंद्रपूरनेच उठले पाहिजे.

उठण्याचे तातडीचे कारणही आहे. कोळशाच्या वीजकेंद्रांनी सल्फर डायऑक्साइड मर्यादेत ठेवावा, म्हणजेच तो रोखणारी यंत्रणा बसवावी, असा नियम डिसेंबर २०१५ मध्ये झाला. मुदत पुन्हा पुन्हा वाढत गेली आणि जुलै २०२५ मध्ये देशातल्या बहुसंख्य केंद्रांना त्यातून सूटच मिळाली. अतिप्रदूषित क्षेत्रे आणि हवेचे निकष न पाळणारी शहरे यांच्या दहा किलोमीटरच्या आतल्या केंद्रांचा निर्णय मात्र एकेका केंद्रापुरता, तज्ज्ञ समितीचे मत घेऊन व्हायचा आहे. चंद्रपूरचे नाव या दोन्ही याद्यांत आहे. समितीपुढे यंत्रणेचा खर्च कोटींत मांडला जाईल. त्याच्यासमोर दुर्गापूर, ऊर्जानगर आणि तुकूमच्या मुलांच्या तपासणीचा कागद कोण ठेवणार? तो तयार नसेल, तर तराजूच्या एका पारड्यात पैसा असेल आणि दुसरे रिकामे.

कायद्यात काहीच नाही असे नाही. खाणींच्या पर्यावरण अभ्यासासाठी केंद्रीय मंत्रालयाने ठरवलेल्या कार्यकक्षेतच लिहिले आहे, की प्रकल्पाच्या प्रभावक्षेत्रातल्या लोकांच्या आरोग्यावर होणाऱ्या परिणामांचा पद्धतशीर अभ्यास व्हावा आणि उपायांसाठी तरतूद दाखवावी. प्रत्यक्षात हा अभ्यास करणारा सल्लागार प्रकल्पमालकच नेमतो, पैसेही तोच देतो. हवा-पाण्याचे नमुने पावसाळा सोडून एका हंगामात घेतले तरी चालतात, आणि मलेरिया तर पावसाळ्यातच वाढतो. अभ्यासाचा परीघ साधारण दहा किलोमीटरचा, आणि खनिजाचे ट्रक शंभर-दीडशे किलोमीटर गावागावांतून जातात.

राहता राहिली जनसुनावणी. २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे ती प्रकल्पस्थळी किंवा त्याच्या अगदी जवळ व्हावी लागते. सुरजागडच्या विस्ताराची सुनावणी ऑक्टोबर २०२२ मध्ये झाली ती गडचिरोली शहरात, खाणीपासून शंभराहून जास्त किलोमीटरवर. ज्या सत्तर गावांचा तो इलाका, ज्यांचा ठाकूरदेव त्या डोंगरावर, जी दर जानेवारीत तिथे यात्रेला जमतात, त्यातल्या किती जणांना मजुरी बुडवून, रात्र काढून, तेवढ्या लांब जाऊन माइकसमोर बोलता येईल? दमकोंडवाही परिसरातल्या नव्या खाणींना विरोध करत तोडगट्ट्याला लोक २०२३ मध्ये महिनोन् महिने ठिय्या देऊन बसले. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात पोलिसांनी तो उठवला. हे लोक विकासाचे शत्रू आहेत असे म्हणणाऱ्यांनी एकदा त्यांच्याजवळ बसून ऐकावे. आम्हाला दवाखाना हवा, शाळा हवी, रस्ता हवा, हेच ते मागतात. हे सगळे मिळायला आधी डोंगर का द्यावा लागतो, एवढेच ते विचारतात.

खाणीत आणि कारखान्यात काम मिळालेल्या तरुणांना हा लेख आपल्या विरुद्ध वाटू नये, अशी माझी मनापासून इच्छा आहे. नोकरीची गरज खरी आहे आणि पिढ्यान् पिढ्या ती नाकारली गेली हेही खरे आहे. पण धुळीच्या सगळ्यांत जवळ उभा राहणारा कामगारच असतो. रुजू होण्याच्या दिवशी त्याच्या छातीचा एक्स-रे आणि श्वासाची क्षमता नोंदली गेली आणि तिची प्रत त्याच्या हातात राहिली, तर वीस वर्षांनी नुकसानभरपाई मागताना त्याच्याजवळ पुरावा असेल. कंत्राटी मजुराला तर याची गरज सर्वांत जास्त आहे, कारण कंत्राटदार बदलला की त्याचा कागदही हरवतो.

आधीची नोंद किती मोलाची असते याचे एक उदाहरण अमेरिकेतल्या यूटा खोऱ्याचे आहे. तिथला पोलाद कारखाना कामगारांच्या वादात ऑगस्ट १९८६ मध्ये बंद पडला आणि तेरा महिन्यांनी पुन्हा सुरू झाला. आर्डेन पोप नावाच्या एका अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाने रुग्णालयांच्या जुन्या नोंदी काढल्या. कारखाना चालू असलेल्या हिवाळ्यांत श्वसनाच्या आजारांसाठी दाखल झालेली मुले बंद हिवाळ्याच्या दोन-तीन पट होती. एवढी साधी तुलना १९८९ मध्ये प्रसिद्ध झाली आणि हवेतल्या सूक्ष्म कणांकडे पाहण्याची जगाची दृष्टी बदलायला तिने मोठा हातभार लावला. तिथे महागडी प्रयोगशाळा लागली नाही, रुग्णालयाच्या वह्या नीट ठेवलेल्या होत्या एवढेच. कोनसरीच्या भट्ट्या पूर्ण जोराने पेटण्याआधीचा काळ आपल्याजवळ थोडासा उरला आहे. चामोर्शी, मुलचेरा, अहेरी, एटापल्ली इथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या आजच्या नोंदी उद्या सोन्याच्या मोलाच्या ठरतील. त्या आज नीट लिहिल्या जायला हव्यात.

आपण लढू शकतो, हे या भूमीने वारंवार दाखवले आहे. १९८०च्या दशकात इंचमपल्ली आणि भोपालपटनम धरणांच्या विरोधात बाबा आमटे आणि आदिवासी नेत्यांनी आंदोलन उभारले. त्याचे नावच ‘जंगल बचाव, मानव बचाव’ होते. ती धरणे झाली नाहीत. त्याच मंथनातून मेंढा-लेखा हे गाव उभे राहिले. देवाजी तोफा आणि त्यांच्या गावाने अभ्यासगट चालवले, सर्वसहमतीने निर्णय घेतले आणि २००९ मध्ये सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळवला. आज जिल्ह्यात हजाराहून अधिक गावांजवळ असे हक्क आहेत. चंद्रपुरात २००९ मध्येच ताडोब्याजवळच्या लोहाऱ्याच्या कोळसा खाणीविरोधात शहर रस्त्यावर आले, ‘इको-प्रो’चे बंडू धोतरे उपोषणाला बसले आणि ती खाण थांबली. २०२० मध्ये बंदर कोळसा पट्टा लिलावातून वगळला गेला.

या विजयांचा मला अभिमान आहे. पण लोहारा आणि बंदर वाचले ते प्रामुख्याने वाघाच्या नावाने. वाघाची गणना होते, त्याच्या भ्रमणमार्गाचा नकाशा असतो, त्याच्यासाठी कायदा आणि प्राधिकरण आहे. म्हणून वाघाची बाजू कागदावर मांडता येते. त्याच जंगलाच्या कडेला राहणाऱ्या माणसाच्या फुप्फुसाचा नकाशा कुणी काढलेला नाही. वाघाचे संरक्षण कमी करा असे मी चुकूनही म्हणणार नाही. आंदोलनाच्या नावातले जे दुसरे अर्धे होते, मानव बचाव, ते काम आपण अर्धवट सोडले आहे आणि आता ते हाती घ्यायचे आहे.

त्यासाठी काय करायचे? पहिला हक्क ग्रामसभेचा आहे, म्हणून सुरुवात तिथून. प्रत्येक ग्रामसभेने आपली आरोग्यवही उघडावी. घरागणिक लिहावे: कुणाला तीन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला आहे, दमा कुणाला, क्षयाचे औषध कोण घेते, सिकलसेलची तपासणी कुणाची झाली, यंदा मलेरिया किती जणांना झाला, जन्मलेल्या बाळांची वजने किती, किती बाळे पोटातच गेली, रस्त्यावर अपघात किती. विहीर आणि बोअरचे पाणी पावसाळ्यापूर्वी आणि नंतर तपासून घ्यावे. खाणीपासून दूरच्या, बाकी सर्व बाबतींत सारख्या असलेल्या एखाद्या गावाचीही अशीच वही ठेवावी, म्हणजे तुलना करता येईल. ‘सर्च’च्या प्रयोगांतही तुलनेची गावे होतीच. वही ग्रामसभेची राहील, आजाऱ्याचे नाव गावाबाहेर जाणार नाही, बाहेर फक्त बेरीज जाईल, हेही ग्रामसभेने ठरवून घ्यावे.

हे ओझे आशाताईंच्या माथ्यावर फुकट टाकू नका. त्यांच्या कामात आधीच भर पडत गेली आहे. या नोंदीसाठी त्यांना वेगळा मोबदला मिळायला हवा आणि त्यासाठी पैसा आहे. जिल्हा खनिज प्रतिष्ठानात खाणमालकांनी रॉयल्टीच्या प्रमाणात भरलेला पैसा जमा होतो. त्याचा मोठा हिस्सा पिण्याचे पाणी, पर्यावरण, आरोग्य अशा प्राधान्याच्या कामांवर खर्च करणे बंधनकारक आहे आणि अनुसूचित क्षेत्रात त्याच्या आराखड्याला ग्रामसभेची मान्यता लागते. प्रवेशद्वारे आणि सुशोभीकरणाआधी हा पैसा स्पायरोमीटर, एक्स-रे आणि पाणी तपासणीवर गेला पाहिजे, असा आग्रह धरा.

चंद्रपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातल्या डॉक्टरांनो, गडचिरोलीच्या नव्या महाविद्यालयातल्या अध्यापकांनो, गोंडवाना विद्यापीठातल्या संशोधकांनो, तुमच्या विद्यार्थ्यांना प्रबंधासाठी विषय हवे असतात. तुमच्या दारातच देशातला सर्वांत मोठा प्रश्न उभा आहे. ऊर्जानगरची शाळा घ्या, घुग्घुसची घ्या, तुलनेला मूल किंवा सिंदेवाही या गावांतली घ्या, आणि मुलांच्या श्वासाची क्षमता दरवर्षी मोजा. पत्रकारांनो, मंजुरीची बातमी देताना किती टन आणि किती नोकऱ्या हे छापता, त्याच्याच खाली आरोग्याचा अभ्यास झाला का, कुणी केला, हेही छापा. आणि आमदार-खासदार मत मागायला येतील तेव्हा एकच मागणी लावून धरा: वर्षाचे सर्व ऋतू पाहणारे, ग्रामसभेच्या संमतीने नेमलेल्या स्वतंत्र तज्ज्ञांचे आरोग्य आघात मूल्यांकन झाल्याशिवाय या दोन जिल्ह्यांत नवी मंजुरी नाही, विस्तारालाही नाही.

पुढच्या ग्रामसभेतच ठराव घ्या. त्यात प्रकल्पाचे नाव लिहा, प्रभावक्षेत्रातल्या लोकांच्या आरोग्याच्या अभ्यासाची प्रत गोंडी किंवा माडिया आणि मराठीत समजावून सांगावी असे लिहा, जनसुनावणी प्रकल्पस्थळीच व्हावी असे लिहा. सह्या आणि अंगठे घ्या, बायांचे निम्म्याहून जास्त घ्या. एक प्रत जिल्हाधिकाऱ्यांना, एक महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रादेशिक कार्यालयाला, एक जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांना आणि एक दिल्लीच्या पर्यावरण मंत्रालयाला पाठवा. प्रत्येकाची पोच घ्या आणि ती आरोग्यवहीच्या पहिल्या पानाला लावून ठेवा.